प्रोफाइलिंगला मराठीत काय म्हणावं?

बिनकामाचा_बंड्या: लिनक्स कर्नलच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) प्रोफाइलिंगवर मराठीत लिहायला बसलोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. प्रोफाइल म्हणजे व्यक्तिचित्र, चेहऱ्याची एका बाजूने दिसणारी रेघ वगैरे, त्यातलं इथे काहीच चालत नाही. काम इतकंच की सीपीयूचा वेळ कर्नलमधलं कुठलं फंक्शन खातंय ते शोधायचं. (आणि कर्नल लिहिलं की आईला वाटतं मी मिलिटरीवर लिहितोय, ते वेगळंच.)

शुद्धलेखन_पोलीस: कामगिरीमापन घ्या ना सरळ.

खटपट्या: मापन नको हो, मापन म्हटलं की सगळं मोजलं असं वाटतं, आणि इथे कोणी सगळं मोजत नाही, इथे शितावरून भाताची परीक्षा असते. जुना प्रकारच बघा, बूट करताना प्रोफाइल=२ द्यायचं, मग टायमरचा प्रत्येक टिक (ठरावीक वेळाने पडणारा ठोका) पडला की कर्नल त्या क्षणी स्वतःच्या कोडमध्ये कुठे होता तिथल्या खान्यात एक रेघ ओढली जाते, बस. ते २ म्हणजे दोनाचा दुसरा घात, म्हणजे कोडच्या दर ४ बाइटला एक खाना. नंतर रीडप्रोफाइल नावाचं साधन ही आकडेवारी सिस्टिम.मॅपशी (कुठलं फंक्शन कुठल्या पत्त्यावर, त्याची यादी) जुळवून फंक्शनवार टिक दाखवतं, शिवाय टिक भागिले फंक्शनची लांबी असाही एक आकडा देतं. माझ्या जुन्या मशीनवर सेकंदाला २५० टिक, त्यात सगळ्यात वर डिफॉल्ट_आयडल, पहिल्यांदा बघून घाबरलो होतो, नंतर कळलं की मशीन नुसतंच बसलंय!

माझं मत आणेवारी. गावातल्या मोजक्या शेतांतला ठरावीक तुकडा कापतात आणि त्यावरून अख्ख्या गावाचं पीक किती आणे ते ठरतं. इथेही तेच, अमुक फंक्शन चार आणे, तमुक दोन आणे.

शुद्धलेखन_पोलीस: सरकारी कागदावर आता पैसेवारी असतं. आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की पूर्वी दुष्काळ धरायचे, म्हणजे आकडा मोठा तितकं चांगलं. तुमच्याकडे उलटं.

खटपट्या: हां, हे मान्य. पण खोटी आणेवारी दोन्हीकडे निघते! कर्नलने इंटरप्ट (चालू काम थांबवून सीपीयूचं लक्ष वेधणारे इशारे, टिकही त्यातलाच) बंद ठेवले असतील तर टिक बाहेर ताटकळतो आणि ते उघडले की पडतो, त्यामुळे खरा खादाड राहतो बाजूला आणि ते उघडणारं फंक्शन स्पिन_अनलॉक_आयआरक्यूरिस्टोर बिचारं बदनाम होतं. तलाठी आला तेव्हा फाटक बंद, उघडल्यावर जो दारात दिसला त्याच्या नावावर नोंद, असं. पर्फ हे नंतरचं प्रोफाइलिंगचं साधन (२००९, कर्नल २.६.३१) प्रोसेसरच्या हार्डवेअर काउंटरवर (आतल्या घटना मोजणाऱ्या मोजणीयंत्रांवर) चालतं आणि एक्स८६ वर (इंटेल-एएमडीवाले प्रोसेसर) अडवता न येणारा इंटरप्ट वापरतं म्हणून तिथे ही गडबड बरीच कमी. व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) ते काउंटर मिळाले नाहीत तर परत टायमरच, परत तेच फाटक. मी या नादात एक अख्खा रविवार निर्दोष फंक्शन वाचण्यात घालवलाय.

गावाकडची_सून: आमच्या सासऱ्यांच्या तोंडी अजून आणेवारीच आहे, पैसेवारी फक्त पेपरात. शब्द छान आहे, ठेवा.

बिनकामाचा_बंड्या: मथळ्यात प्रोफाइलिंगच ठेवतोय, नाहीतर शोधून कोणाला सापडणार नाही. पण आत लिहून टाकलंय, 'आधी पर्फ टॉप लावून नजरअंदाज आणेवारी बघा, मग पर्फ रेकॉर्ड आणि पर्फ रिपोर्टने अंतिम काढा.' आता हॉटस्पॉटला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या जागेला, काय म्हणू? मोबाइलवाला नको.

खटपट्या: खादाड म्हणा की.