माज्जोरे सरोवरातील बोर्रोमेओ बेटे : दोन राजवाडे आणि दोन बागा एका दिवसात पाहाव्यात का?

प्रश्न – सागरगोटा

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही काही दिवस मिलानमध्ये राहणार असून तेथून माज्जोरे सरोवरावर जाऊन बोर्रोमेओ घराण्याची बेटे पाहण्याचा विचार आहे. सोबत आई-वडील असतील. वडिलांचे गुडघे दुखतात आणि आईला बोट लागते, त्यामुळे नुसती धावपळ होईल असा बेत मला आखायचा नाही. इझोला बेल्ला आणि इझोला माद्रे या दोन्ही बेटांवर राजवाडा आणि बाग आहे, तर तिसरे बेट मच्छीमारांच्या वस्तीचे आहे, एवढे वाचनात आले आहे. तिन्ही बेटे एका दिवसात नीट पाहून होतात का, की एखादे सोडावे? क्रम कसा ठेवावा, आणि सार्वजनिक बोट बरी की खाजगी? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – वळचण

तिन्ही बेटांवर एका दिवसात पाय ठेवून होतो, पण ती नीट पाहून होत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मिलानहून सरोवराकाठच्या स्ट्रेझा गावाला रेल्वेने साधारण तासभर लागतो आणि स्थानकावरून धक्क्यापर्यंत चालत जाता येते. तरीही पोहोचेपर्यंत सकाळचा बराच वेळ गेलेला असतो. त्यामुळे दोन राजवाडे आणि दोन बागा एवढेच धरून चाला. तिसऱ्या बेटावर जेवणापुरते उतरलात तरी पुष्कळ झाले.

इझोला बेल्लाला वेळ हातचा न राखता द्या. कार्लो तिसरा बोर्रोमेओ याने १६३२ मध्ये पत्नी इझाबेल्ला हिच्यासाठी या खडकाळ बेटावर राजवाडा बांधायला घेतला आणि पुढे त्याचा मुलगा व्हितालियानो सहावा याने त्या कामाला आजचे भव्य रूप दिले. बागेचे उद्घाटन १६७१ मध्ये झाले, परंतु राजवाड्यातील मोठे दालन पुरे व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. संपूर्ण बेट पाण्यावर उभ्या असलेल्या जहाजासारखे दिसावे, अशी ती योजना होती, आणि म्हणूनच बोटीचा प्रवास हा नुसता येण्याजाण्याचा भाग समजू नका. एकावर एक चढत जाणारे बागेचे दहा टप्पे आणि सर्वांत वर बोर्रोमेओंचे चिन्ह असलेला एकशिंगी घोडा ही रचना पाण्यावरून जशी एका नजरेत भरते, तशी बागेत उभे राहून कधीच दिसत नाही. स्ट्रेझाहून बोट निघाली की आतल्या खुर्च्यांवर न बसता बाहेर उभे राहा.

राजवाड्यात बहुतेक मंडळी वरची दालने पाहून थकतात आणि तळमजल्यावरच्या गुहांमधून भराभर पुढे सरकतात, याचे मला फार वाईट वाटते. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधलेल्या या सहा खोल्यांच्या भिंती आणि छते लहान लहान गोट्यांनी मढवलेली आहेत. भिंतीच्या जवळ जाऊन पाहिले, की पांढऱ्या आणि काळसर गोट्यांच्या ओळींतून नक्षी कशी वळत गेली आहे ते कळते. एवढ्या चिकाटीने केलेले काम क्वचितच पाहायला मिळते. तिथे थोडा वेळ थांबाच. वरच्या संगीत दालनात एप्रिल १९३५ मध्ये इटली, फ्रान्स आणि ब्रिटन यांची परिषद भरली होती, आणि १७९७ मध्ये नेपोलियनही या राजवाड्यात उतरला होता.

उत्तर – पाणकणीस

वळचण यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता इझोला माद्रेला अधिक वेळ द्यावा असे मला वाटते. बेल्लावर पायऱ्या पुष्कळ आहेत. माद्रेवर चढ आहे, पण बाग इंग्रजी धाटणीची असल्यामुळे वाटा वळणावळणाने जातात, हिरवळी मोकळ्या आहेत आणि मोर व सोनेरी फेझंट पक्षी पायांजवळून निवांत फिरत असतात. राजवाडा सोळाव्या शतकातला, आकाराने लहान, आणि त्यातला कळसूत्री बाहुल्यांचा संग्रह मुद्दाम पाहण्याजोगा आहे. मे महिन्यात अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन फुलण्याचे दिवस असतात. आल्प्सच्या पायथ्याशी ताडमाड आणि लिंबाची झाडे कशी टिकतात, असा प्रश्न पडतो. सुमारे ३७० मीटर खोलीचे हे सरोवर उन्हाळ्यातली ऊब साठवून हिवाळ्याची धार बोथट करते, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

क्रमाबद्दल म्हणाल, तर पहिल्या बोटीने बेल्ला गाठावे, कारण दुपारपर्यंत तिथे सहलींचे घोळके येऊन पोहोचतात, आणि ऊन चढल्यावर माद्रेची सावली बरी वाटते.

सरकारी बोटी स्ट्रेझा, कार्चानो, तिन्ही बेटे, बावेनो आणि पाल्लांत्सा असा फेरा करतात. दिवसभर कुठेही चढा-उतरा असे तिकीटही मिळते. खाजगी मोटरबोटी धक्क्यालगतच उभ्या असतात आणि तुमच्या वेळेनुसार थांबतात, पण एकीचे तिकीट दुसरीला चालत नाही. म्हणून परतीचा प्रवास त्याच पैशांत आहे का आणि परतताना नेमकी कोणती बोट घ्यायची, हे चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बेटांमधली अंतरे काही मिनिटांची असल्याने आईंना फारसा त्रास होऊ नये, आणि मोठी सरकारी बोट लहान मोटरबोटीपेक्षा कमी हलते.

प्रतिसाद – सागरगोटा

दोघांचेही मनापासून आभार. सरकारी बोट नक्की केली. एक रात्र स्ट्रेझात काढली तर काही वेगळे पदरात पडेल का? व्हिला तारांतोची बागही याच वेळी पाहता येईल का?

उत्तर – देवदार

रात्र अवश्य काढा. दोन राजवाडे दोन दिवसांत विभागले, की आई-वडिलांना मध्ये विश्रांती मिळेल आणि पाऊस आला तरी बेत कोलमडणार नाही, कारण या भागात पाऊस बराच पडतो. मच्छीमारांच्या बेटावर वर्षभर माणसे राहतात, आणि दिवसाची गर्दी ओसरल्यावर तिथल्या अरुंद गल्ल्यांतून फिरण्यात खरा आनंद आहे. फक्त शेवटची बोट किती वाजता आहे, ते धक्क्यावरच्या वेळापत्रकात उतरल्या उतरल्या पाहून ठेवा. हंगामानुसार वेळा बदलतात.

व्हिला तारांतो बेटावर नसून पाल्लांत्साच्या काठावर आहे. नील मॅकइकर्न या स्कॉटिश गृहस्थांनी १९३१ मध्ये ती जागा घेऊन बाग उभारली आणि १९५२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. बाग सुंदर आहे, पण तुमच्यासोबत वडीलधारी माणसे आहेत हे ध्यानात घेता मी ती या वेळी सोडून देईन.

माद्रेवर मात्र राजवाड्यासमोरच्या काश्मिरी सायप्रसखाली बसल्याशिवाय परतू नका. नाव काश्मिरी असले तरी हा वृक्ष मूळचा पूर्व हिमालयातला, भूतान आणि अरुणाचलकडचा. त्याचे बी १८६२ मध्ये तिकडे गेले. जून २००६ मधल्या टॉर्नेडोने (जोरदार वावटळीने) तो मुळासकट आडवा पाडला, तेव्हा तोडून टाकण्याऐवजी तो पुन्हा उभा केला गेला आणि पोलादी दोरांनी चारही बाजूंनी ताणून बांधला गेला. खाली लोंबणाऱ्या निळसर फांद्यांमधून ते दोर आजही दिसतात. राजवाडा पाहून बाहेर आल्यावर वडिलांना तिथेच बसवा आणि बाकीची बाग तुम्ही सावकाश फिरून या.