मदत हवी आहे: गाडी नसलेल्या घरांपर्यंत भाजीपाला कसा पोचवावा? (वेस्ट व्हर्जिनिया)

आंबेमोहर:

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण इथली परिस्थिती सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

दीड वर्षापूर्वी आम्ही वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला, मॅकडॉवेल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहायला आलो. नवरा डॉक्टर आहे. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी (डॉक्टरांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) केली आणि दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं नसेल, तर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. म्हणून आलो. मी एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, नोकरीची परवानगी नाही. आठवड्यातून दोन दिवस चर्चच्या अन्नवाटप केंद्रात विनामोबदला मदत करते.

हा कोळशाचा मुलूख. १९५० साली इथे जवळजवळ ९९ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरली. खाणीत यंत्रं आली, मग एकेक खाण बंद पडत गेली. माणसं गेली आणि त्यांच्या मागोमाग दुकानं गेली. २०१६ मध्ये एका मोठ्या साखळीचं इथलं सुपरसेंटर बंद झालं. भाजी, मांस, औषधं एका छताखाली मिळायची ती बंद झाली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तिथून अन्नवाटपाला येणारा मालही थांबला. आता पूर्ण किराणा मिळेल अशी दुकानं अगदी मोजकी. डॉलर स्टोअर, म्हणजे स्वस्तातल्या वस्तूंची छोटी दुकानं, मात्र जागोजागी आहेत. तिथे डबे, चिप्स, सोडा, गोठवलेला पिझ्झा, फार तर दूध आणि अंडी.

माझ्या शेजारी एक आजी राहतात. वय ७६, मधुमेह, गाडी नाही. इथे दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीत वस्ती असते, तिला लोक ‘हॉलर’ म्हणतात. आजींचं घर हॉलरच्या पार टोकाला. प्रिन्सटन किंवा ब्लूफील्डच्या मोठ्या दुकानांपर्यंत जायचं तर वळणावळणाच्या रस्त्यानं तासभर लागतो. ओळखीच्या कुणाला तरी पेट्रोलचे वीस-पंचवीस डॉलर देऊन त्या महिन्यातून एकदाच जातात. स्नॅपचे (गरीब घरांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे) पैसे कार्डावर जमा झाले की ही फेरी. त्या एका फेरीत महिन्याचं सगळं भरायचं, म्हणून पालेभाजी, टोमॅटो, फळं घेऊन उपयोग नसतो. दुसऱ्या पंधरवड्यात सगळं जेवण डब्यातलं. माझा नवरा रुग्णांना ‘मीठ कमी करा, ताजं खा’ सांगतो आणि घरी येऊन गप्प बसतो.

मला राहून राहून आपलं रेशन दुकान आठवतं. माल कधी येईल याचा भरवसा नसायचा, वजनावरून भांडणं व्हायची, पण दुकान गावात असायचं. इथे सरकार पैसे देतं आणि दुकान बाजारावर सोडून देतं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात फूड स्टॅम्पचा (म्हणजे आजच्या स्नॅपच्या जुन्या, कागदी रूपाचा) प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्यातली पहिली स्टॅम्प्स याच काउंटीतल्या कुटुंबाला मिळाली. २९ मे १९६१. पंधरा माणसांचं घर, ९५ डॉलरची स्टॅम्प्स, आणि ती खर्च झाली इथल्याच वेल्च गावातल्या एका सुपरमार्केटात. म्हणजे तेव्हा कागद घेऊन जायला जागा तरी होती.

माझ्याकडे एक सात आसनी गाडी आहे, आठवड्यातला एक दिवस आहे आणि चर्चचा एक चालू फ्रीज आहे. कुणी असं काम केलंय का? ठोक भावात भाजी आणून वाटावी का? लोकांचं स्नॅप कार्ड मला चालवता येईल का? व्हिसाची काही अडचण? आणि मुख्य म्हणजे, काय करू नये?

---

कान्सासकर:

आंबेमोहर, तुमच्या काउंटीबद्दल वाचून आमचंच गाव आठवलं. मी कान्सासात एका छोट्या गावी आठ वर्षं होतो, आमच्या दुकानाच्या समितीवरही होतो.

ठोक भावाच्या नादी आत्ता लागू नका. खेड्यातलं दुकान बहुतेक वेळा गिऱ्हाईक नाही म्हणून मरत नाही, घाऊक पुरवठादाराची ‘किमान ऑर्डर’ परवडत नाही म्हणून मरतं. ट्रक तुमच्यापर्यंत आणायचा तर आठवड्याला हजारो डॉलरचा माल उचलावा लागतो. तेवढा खपत नाही, भाजी कुजते, ती भरून काढायला भाव वाढवावा लागतो, आणि मग ज्यांच्याकडे गाडी आहे ते शहरातून आणतात. उरतात गाडी नसलेले. तुमच्या एका फ्रीजवर हे गणित बसणार नाही.

गावांनी दुकानं स्वतः चालवल्याची उदाहरणं आहेत. कान्सासातल्या सेंट पॉलमध्ये १९८५ पासून किराणा नव्हता, २००८ मध्ये गावाच्या पुढाकारानं दुकान उघडलं, पुढे ते नगरपालिकेनंच ताब्यात घेतलं. नेब्रास्कात कोडी नावाचं दीडशे वस्तीचं गाव आहे, तिथे पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती घालून दुकान बांधलं आणि ते शाळेची मुलं चालवतात. फ्लोरिडात बाल्डविननं २०१९ मध्ये नगरपालिकेचं दुकान उघडलं, ते २०२४ मध्ये बंद करावं लागलं. कान्सास स्टेट विद्यापीठात ग्रामीण किराणा दुकानांसाठी वेगळा उपक्रमच आहे, तिथली माहिती वाचा. पण ही सगळी कामं गावानं करायची, आणि त्याला वर्षं लागतात. तुमच्या हाताशी दीड वर्ष आणि एक गाडी आहे, त्यात काय होईल ते बघू.

---

निशिगंध:

मी न्यूयॉर्क राज्यात अन्नमदत कार्यालयात काम करते, त्यामुळे नियमांचं तेवढं सांगते.

स्नॅपचे पैसे घ्यायचे तर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एफएनएस (अन्न व पोषण सेवा) विभागाची परवानगी लागते. ती तुम्हाला वैयक्तिक मिळणार नाही आणि एच-४ वर दुकानदारी करायचीही नाही. नफा न घेणाऱ्या संस्थेत विनामोबदला सेवा, तीही जिथे एरवी कुणाला पगार देत नाहीत अशा कामात, हे साधारणपणे चालतं. तरी एकदा वकिलाला लेखी विचारा.

पण तुम्हाला कार्ड चालवायची गरजच नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्कपासून स्नॅपची ऑनलाइन खरेदी सुरू झाली, आता बहुतेक मोठ्या दुकानांत ती होते. घरपोच हॉलरच्या टोकापर्यंत येणार नाही आणि डिलिव्हरीचं शुल्क स्नॅपमधून भरताही येत नाही. पण ‘दुकानाबाहेरून उचला’ असा पर्याय असतो, त्याला अनेक दुकानांत शुल्क नाही, किमान रक्कम किती ते मात्र विचारून घ्या. सहा घरांनी आपापल्या कार्डावर ऑर्डर करायची आणि एकाच गाडीनं सगळ्यांच्या पिशव्या आणायच्या.

दोन गोष्टी काटेकोर पाळा. पिन ज्याचा त्यानंच टाकायचा, तुम्ही कागदावरसुद्धा लिहून घ्यायचा नाही. आणि नेण्या-आणण्याचा एक पैसाही घेऊ नका, पेट्रोलचा खर्च चर्चनं करावा.

वेस्ट व्हर्जिनियात शेतकरी बाजारात स्नॅप वापरलं तर जोडीला तेवढेच जादा पैसे देणारी ‘स्नॅप स्ट्रेच’ योजना आहे. यंदा निधी आहे का आणि जवळचा बाजार कुठला, ते फोन करून विचारा.

---

तांबडमाती:

मी नकाशे करतो, म्हणून एक मुद्दा. कृषी खात्याच्या नकाशात किराणा दुकानाची ‘कमी पोच’ ठरवताना शहरात एक मैल आणि खेड्यात दहा मैल धरतात, आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. तुमच्या डोंगरात सरळ रेषेतले आठ मैल रस्त्यानं सोळाही होतील. त्यामुळे नकाशावर ‘ठीक आहे’ दिसणारी वस्तीही उपाशी असू शकते. अनुदानाचा अर्ज करणार असाल तर रस्त्याची अंतरं आणि लागणारा वेळ स्वतः टिपून ठेवा.

दुसरं, ताई, रागावू नका. २०१९ मधला एक मोठा अभ्यास आहे, त्यात दिसलं की गरीब आणि श्रीमंत घरांच्या आहारातल्या फरकाचा साधारण दहावा हिस्साच आसपास काय आणि किती भावात मिळतं यामुळे होतो. म्हणून भाजी नुसती दारात आणून ठेवल्यानं काम होणार नाही. आजींना काय खायला आवडतं ते आधी विचारा.

---

आंबेमोहर:

सगळ्यांचे मनापासून आभार. तांबडमाती, रागावले नाही, तुमचा शेवटचा मुद्दा वर्मी लागला. मी मनातल्या मनात पालक, ब्रोकोली अशी यादी करून ठेवली होती.

आजींकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, लहानपणी घरामागे बाग होती, आई शेंगा दोऱ्यात ओवून चुलीमागे वाळवायची. रोजचं जेवण म्हणजे मंद आचेवर शिजवलेले पिंटो बीन्स आणि मक्याचा ब्रेड, वर चिरलेला कच्चा कांदा. मी ऐकत राहिले. आमच्या घरी मटकीची उसळ, भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा असायचा. त्यांना हवं होतं ते एवढंच: कांदे, कोबी, टोमॅटो, ताक आणि सफरचंदं. पालक त्यांना नको.

हॉलरमध्ये इंटरनेट धड चालत नाही, म्हणून बुधवारी दुपारी चर्चच्या वायफायवर बसून ऑर्डर करायचं ठरलं. पाच घरं आली. एका आजोबांना फोनवरची अक्षरं दिसत नव्हती, तर त्यांच्या नातीनं टाइप केलं आणि पिन टाकताना आम्ही सगळे तोंड फिरवून उभे राहिलो. गुरुवारी पास्टरसाहेबांच्या पत्नी आणि मी गाडी घेऊन गेलो. चर्चनं पेट्रोल भरलं. वकिलाला ईमेल पाठवलंय, उत्तर येईपर्यंत मी फक्त सोबत जाते आणि पिशव्या उचलते.

आठवडी बाजारासारखा वार ठरला याचं सगळ्यांना बरं वाटलं. आजींनी पहिल्यांदाच एका आठवड्यापुरतंच सामान घेतलं. कोबीचा एक गड्डा. पूर्वी तीन घ्यायच्या आणि शेवटचा काळा पडायचा.

आता अडलंय ते असं. परतीच्या वाटेवर पाच घरी थांबत जाताना अडीच तास गेले. दूध, ताक आणि कोंबडी शेवटच्या घरी पोचेपर्यंत गार राहिलं नव्हतं, कोंबडी तर आम्ही टाकून दिली आणि चर्चनं त्यांना पैसे दिले. उन्हाळ्यात हे आणखी अवघड होणार. बर्फाच्या पेट्या किती मोठ्या घ्याव्या, त्यात जेलच्या विटा चांगल्या की बाटल्यांमध्ये गोठवलेलं पाणी पुरेल? थर्मामीटर आत ठेवून कुणी नोंदी केल्यात का? पुढची फेरी गुरुवारी आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल. आणि कान्सासकर, तुमच्या समितीनं नगरपालिकेला पहिलं पत्र कसं लिहिलं होतं, ते आठवत असेल तर सांगाल का? पास्टरसाहेब विचारत होते.