फँटम हेड भंगारात काढा म्हणे!

सराफ्याजवळचा: काल इथे एकाने लिहिलं, 'फँटम हेड भंगारात काढा, व्हीआर चष्मे आणा, इंदूरची डेंटल कॉलेजं सुधारतील.' डोकंच फिरलं. फँटम हेड म्हणजे रबरी गालांचं नकली डोकं, पोरं त्यावरच तर दात कोरायला शिकतात! क्लास टू कॅव्हिटी, म्हणजे दोन दाढांच्या फटीतली कीड, स्क्रीनवर सुरेख कापाल हो! पण गुटख्याने ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या शेवटच्या दाढेपाशी आरसा कसा नेणार? जीभ वळवळतेय, लाळ साचतेय, वर सोबत आलेली काकू विचारतेय, 'दुखणार नाही ना?'

थर्डइयर: सर, गुटख्याचं तोंड फँटम हेडला तरी कुठे असतं? रबरी गाल हवा तेवढा ताणा. सिमोडाँटवर, म्हणजे त्या व्हीआर यंत्रावर, बर (ड्रिलचं टोक) इनॅमलला कडक लागतो, त्याखालच्या किडक्या डेंटिनमध्ये भसकन जातो. टायपोडाँटचा, म्हणजे फँटम हेडमधल्या नकली जबड्याचा, प्लास्टिक दात आरपार एकसारखा. चुकला की तोही नवा विकत घ्या.

सराफ्याजवळचा: विकत? आम्ही खरे दात गोळा करायचो. डेंटिन काय ते त्यावरच कळलं.

पाटणीपुरावाली: गोळा नाही, भीक म्हणा! सबमिशनसाठी जेल रोडपासून घरापर्यंतची सगळी क्लिनिकं पालथी घातली होती मी. आईला कपाटात बरणी सापडली, त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

सराफ्याजवळचा: त्यात काय एवढं? ऑटोक्लेव्ह केले, दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले, की झालं.

पाटणीपुरावाली: अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचं मिश्रण, भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये? पाऱ्याची वाफ कोण हुंगणार, तुम्ही? ते दात दोन आठवडे 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. एवढं माहीत नाही आणि निघाले शिकवायला!

सराफ्याजवळचा: माहीत आहे. सगळ्याच दातांत अमाल्गम नसतं, बाई. उगाच अंगावर येऊ नका.

नुसताच_पेशंट: भिया, बरणीचं नंतर भांडा. माझ्या दाढेवर एका इंटर्नने हात साफ केला, पुढे रूट कॅनाल करावी लागली. त्याने आधी चष्मा लावून शंभर दाढा बिघडवल्या असत्या तर माझं काय गेलं असतं?

सराफ्याजवळचा: बरं, लावा बाबा चष्मे. दुसऱ्या वर्षापर्यंत. फँटम हेड मात्र हलवायचं नाही. आणि यंत्र एक, पोरं शंभर. पाळी येईपर्यंत इंटर्नशिप संपेल, त्याचं काय ते बघा.

थर्डइयर: आमच्या फँटम लॅबमध्ये चालू एअरोटर (दात कोरायचे ड्रिल) किती आहेत, तेही एकदा येऊन मोजा, सर. रांग तिथेही आहेच.

सराफ्याजवळचा: मग एअरोटर दुरुस्त करा म्हणावं आधी, चष्मे कसले आणताय!