बाबांनी कधी बिडी ओढली नाही, मग हार्टचं कसं काय?

उद्यमबागकर:
मंडळी एक विचारायचं होतं. बाबा ५८ चे, २६ वर्षं फौंड्रीत भट्टीजवळ काढली, बिडी तर हातात धरलेली आठवत नाही. गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, अँजिओग्राफीत एक नस ८० टक्के बंद, स्टेंट घातला. डॉक्टरांनी सिगरेट किती विचारलं, नाही म्हटल्यावर पुढं गेले, काम काय करता कोणी विचारलंच नाही. घरी आल्यावर नाक शिंकरायचे तर टॉवेलवर काळं यायचं, आम्हाला वाटायचं फार तर दमा होईल. धुराचं हार्टलापण होतं काय?

लॅबवाला:
होतंय की. टॉवेलवर येतं ती जाड धूळ, ती निदान बाहेर तरी पडते. खरा ताप पीएम २.५ चा, म्हणजे हवेतले बारीक कण, केसाच्या जाडीचा जवळपास तिसावा हिस्सा, फुप्फुसात खोल जाऊन बसतात, त्यातले अगदी बारीक तर रक्तातपण उतरतात. नसांच्या आतल्या अस्तराला सूज, बीपी चढतं, वर्षानुवर्षं चरबी साचत जाते. अमेरिकेत सहा शहरांतल्या ८ हजारांवर लोकांचा १४-१६ वर्षं माग ठेवला, १९९३ ला निकाल आला, सगळ्यात घाण हवेच्या शहरात मरायचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त, तेही सिगरेटचा हिशोब वेगळा काढून. डब्ल्यूएचओ म्हणते या कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको, आपल्याकडं ४० चालतं! आणि कोकच्या भट्टीचा कार्बन मोनॉक्साइड वेगळाच, तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा खातो.

खानापूरवाला:
सगळं फौंड्रीवर ढकलू नका राव. बीपी, शुगर कधी बघितलेलं काय? जेवणात रोज खारातली मिरची असेल तर तेपण धरा.

निपाणीची सूनबाई:
दोन्ही खरं असू शकतं ना दादा. आमच्या सासूबाईंनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही, पण ४० वर्षं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्या, डोळ्यांतून पाणी गळत भाकऱ्या थापायच्या. आता बीपीच्या दोन गोळ्या चालू हायत. चुलीचा धूरपण तसलाच बारीक असतोय.

उद्यमबागकर:
बीपी कधी बघितलंच नव्हतं, ॲडमिट केल्यावर १६०/१०० निघालं. बाबा म्हणतात सोमवारपास्नं जातो, टॉवेल बांधला की झालं.

लॅबवाला:
टॉवेलानं काही अडत नाही. बारीक कणांना एन९५ मास्क तरी लागतो, गॅसला तोपण चालत नाही, भट्टीपास्नं लांबची जागा मागा. पुढच्या तपासणीला २६ वर्षं भट्टीवर होते हे कागदावर लिहून न्या, आणि सोमवारचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.