मदत हवी आहे: आउटलूकमधला मेल आपोआप पुढे पाठवताना वर दोन ओळी मराठीत जोडता येतील का?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑर्डरचं काम बघते. एजंटांकडून ऑर्डरी मेलवर येतात, इंग्रजीत, सोबत पीडीएफ. त्या डाईंग आणि पॅकिंगला पाठवायच्या असतात. आमचे डाईंग मास्तर घरी तेलुगू बोलतात, मराठी सफाईने वाचतात, पण त्या लांबलचक इंग्रजी मेलमधून नेमकं काय करायचंय ते शोधणं जिकिरीचं होतं. म्हणून मी प्रत्येक मेलच्या वर लिहिते:

"आधी लॅब डिप काढून ऑफिसला दाखवा. मंजुरी आल्याशिवाय लॉट लावू नका." (लॅब डिप म्हणजे छोट्या तुकड्यावर रंगवून पाहिलेला नमुना, लॉट म्हणजे एकदम रंगवायचा सगळा माल.)

मी रजेवर असले की मेल तसाच पडून राहतो, नाहीतर कुणीतरी नुसताच पुढे ढकलतं. शेड गडद लागली तर रंग उतरवायचा खर्च वेगळा, वेळ वेगळा, आणि सुताची ताकद कमी होते ती होतेच. म्हणून या दोन ओळी मेलबरोबर जायलाच हव्यात.

आउटलूकमध्ये रूल, म्हणजे आलेल्या मेलवर आपोआप चालणारा नियम, लावून पाहिला. मेल पुढे जातो, पण मजकूर जोडायची सोयच नाही. टेम्पलेटने उत्तर देणारा रूल आहे, पण ते उत्तर ज्याने मेल पाठवला त्यालाच जातं, म्हणजे एजंटला! शिवाय डाईंगवाल्यांचा पत्ता जीमेलचा आहे, तिथे पाठवलेला मेल ५.७.५२० असा एरर दाखवून परत येतो. ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्ट ३६५चं आहे. कुणी असं काही बसवलंय का?

उत्तर:
ताई, नुसत्या रूलने हे होणार नाही. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लो, म्हणजे आपोआप होणाऱ्या पायऱ्यांची साखळी, बनवा. ट्रिगर (फ्लो सुरू करणारी घटना) 'व्हेन अ न्यू ईमेल अराइव्ह्ज', त्यात एजंटचा पत्ता आणि सब्जेक्ट फिल्टर भरा, 'ओन्ली विथ अटॅचमेंट्स'ला 'येस' करा. पुढची पायरी 'फॉरवर्ड ॲन ईमेल'. त्यात कॉमेंटचा रकाना असतो, तुमच्या दोन ओळी तिथे टाका. देवनागरी चालते. मेसेज आयडी ट्रिगरमधूनच घ्यायचा. ऑर्डरी सामायिक मेलबॉक्सवर येत असतील तर त्याचा ट्रिगर वेगळा आहे, तो निवडा.

त्या एररचं कारण असं: मायक्रोसॉफ्टने बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल पाठवणं मुळातच बंद ठेवलंय. खात्याचा पासवर्ड चोरीला गेला की चोर गुपचूप असाच रूल लावून सगळा पत्रव्यवहार बाहेर नेतात. म्हणून आयटीवाल्यांना सगळ्यांसाठी मोकळीक मागू नका, फक्त तुमच्या मेलबॉक्ससाठी आउटबाउंड स्पॅमची (बाहेर जाणाऱ्या मेलवरच्या नियंत्रणाची) वेगळी पॉलिसी करायला सांगा. त्याहून बरं म्हणजे मास्तरांना कंपनीचाच पत्ता द्यावा. पार्ट्यांचे दर त्या पीडीएफमध्ये असतात, ते खासगी जीमेलवर कशाला?

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! दरांचा मुद्दा अगदी पटला, कंपनीच्या पत्त्याचं मालकांशी बोलते. फ्लो स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहिला, ओळी बरोबर वर येतात, पीडीएफही जाते. एकच अडचण उरलीय. एजंटने त्याच मेलवर 'आरई' करून पीडीएफ पुन्हा जोडली की तीही पुढे जाते, आणि मास्तर नवी ऑर्डर समजून विचारायला येतात. ते कसं थांबवायचं?

उत्तर:
ट्रिगरनंतर कंडिशन (अट) टाका: सब्जेक्ट 'आरई:'ने सुरू होत नसेल तरच फॉरवर्ड. सब्जेक्टमध्ये तो इंग्रजी अक्षरांतच असतो, कधी मोठ्या तर कधी लहान लिपीत, तेव्हा दोन्ही तपासा. पण एजंट कधीकधी शेडमधला बदलही उत्तरातच कळवतात ना? मग कंडिशनच्या 'नो'च्या (अट पुरी न होण्याच्या) बाजूला दुसरं फॉरवर्ड ठेवा, कॉमेंटमध्ये "जुन्या ऑर्डरबद्दल आहे, ऑफिसला विचारूनच पुढे जा" असं लिहा. तसे मेल अडवू मात्र नका.