मदत हवी आहे: स्विफ्टला १६ इंची अलॉय घालायचेत, टायर घासू नये म्हणून ऑफसेट किती घेऊ?

मंडळी, नमस्कार.

गाडी २०१९ ची स्विफ्ट एलएक्सआय. कंपनीचे लोखंडी रिम आणि १६५/८० आर १४ टायर आहेत. टायर पार गुळगुळीत झालेत, बदलायचेच आहेत, म्हटलं सोबत अलॉयही घालून घेऊ.

टायरचा साइज जवळपास ठरलाय: १९५/५५ आर १६. मूळ टायरचा पूर्ण व्यास ६१९.६ मिमी भरतो, याचा ६२०.९, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नाही. शिवाय बलेनोला हाच साइज कंपनीतून येतो. घोळ आहे तो रुंदीचा.

दुकानात दोन रिम आवडल्या, दोन्ही चार बोल्टच्या, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिमी. एक ६.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमची गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा) ४२. दुसरी ७ इंच, ऑफसेट ३५. मन दुसरीवर बसलंय, पण कागदावर मांडल्यावर धाकधूक सुरू झाली. अर्धा इंच रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंना ६.३५ मिमी जास्त. वर ऑफसेट ७ ने कमी, म्हणजे अख्खं चाक ७ मिमी बाहेर. आत स्ट्रटच्या (चाकामागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) बाजूला दोन्ही रिम जवळजवळ सारख्याच बसतात, पण बाहेरची कड १३ मिमीहून जास्त पुढे येते! त्यात १९५/५५ टायरला ७ इंच ही रिमची शेवटची मर्यादा.

दुकानदार म्हणतो, "बिनधास्त घ्या साहेब, घासलंच तर मडगार्डची कड आत ठोकून देतो." ते मला अजिबात नकोय. कडेचा रंग तडकला की पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

आमचं गाव देवगडकडे. कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट उतरून जातो आणि मे महिन्यात येताना पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. मेव्हण्याच्या गाडीला असेच रुंद रिम आहेत. रिकामी गाडी छान चालते, पण भरल्या गाडीने वळणावर खड्डा घेतला की मागून खर्रकन आवाज येतो. खाली वाकून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली चकचकीत रेघ आणि आतल्या प्लास्टिकवर रबराचा काळा भुगा. घरची माणसं बसवून मला तसं घाट चढायचं नाही.

१८५/६५ आर १५ घेतला तर प्रश्नच मिटतो, हे पटतं. वरच्या मॉडेलला कंपनीच तो देते, आणि टायरची भिंतही १२० मिमी राहते, १६ इंचीला १०७ च उरते. आपल्या रस्त्यांना तेच शहाणपणाचं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

याच पिढीच्या स्विफ्टला कुणी १६ इंची घातलेत का? ऑफसेट किती, आणि गाडी भरल्यावर मागे घासतं का? दुसरं, स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी आणि या रिमचं मधलं भोक ७३.१. मधली फट भरणारी हब रिंग प्लास्टिकची चालेल की ॲल्युमिनियमचीच घेऊ?

पैसे देण्याआधी एकेक चाक पुढे-मागे चढवून, मागे तिघांना बसवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायला दुकानदार तयार आहे. तेव्हा टायर आणि मडगार्डच्या कडेत निदान किती जागा दिसली म्हणजे निर्धास्त व्हावं?