मदत हवी आहे: रायझन ५ ५६००एक्सच्या हलक्या ओव्हरक्लॉकसाठी कोणता कूलर घ्यावा?

वर्धेकर

प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स, बी-५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर. रॅमवर ४४ मिमी उंचीचे हीट स्प्रेडर आहेत. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची १६० मिमी दिली आहे. समोरून बंद काच, त्यामागे हवा आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक.

मे महिन्यात दुपारी खोली ३८ अंशांवर असते, एसी नाही. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं की ९३-९४ अंश दिसतात. पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा जास्त वीज घेऊन वेगाने चालू देणारी सेटिंग) लावून १०० वॅटच्या आसपास चालवायचा आहे. डीपकूल एके४००, थर्मलराइट पीयरलेस असॅसिन १२० एसई, की २४० मिमीचं लिक्विड कूलिंग?

तांब्याची_नळी

आधी वॅट बघू. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो ७६ वॅटपर्यंत घेतो. पीपीटीची, म्हणजे प्रोसेसर घेऊ शकतो त्या एकूण विजेची, मूळ मर्यादा तीच आहे. ती १०० केली की उष्णता साधारण एक तृतीयांशाने वाढते. एवढ्याला १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) एकेरी टॉवर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा एकच उभा गठ्ठा, पुरतो, म्हणजे एके४०० चालेल. खोक्यावरच्या '२२० वॅट'सारख्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना मात्र करू नका, प्रत्येकाची मोजायची पद्धत वेगळी असते.

लिक्विडचा इथे फारसा उपयोग नाही. ५६००एक्सचे सगळे कोअर सुमारे ८० चौरस मिमीच्या एका चिपलेटवर (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यावर) आहेत. उष्णता तेवढ्याशा जागेतूनच बाहेर येते, त्यामुळे अडथळा सिलिकॉन आणि धातूच्या झाकणापाशी असतो. पुढचा रेडिएटर मोठा केल्याने तो हटत नाही. वर पंप निकामी होण्याची शक्यता पदरात.

परीक्षणं वाचताना खोलीचं तापमान वजा करा. २४ अंशांच्या खोलीत ७० दिसले, तर फरक ४६ चा. तुमच्या ३८ अंशांत तोच कूलर ८४ दाखवेल. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, म्हणजे चालेल, पण कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा आणखी गरम असेल तर तो फरकही वर चढतो.

घाटपायथा

वरच्या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. कूलर मागवण्याआधी बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान ५-६ अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर दोष हवेच्या वाटेत आहे आणि नवा कूलर तीच गरम हवा फिरवत बसेल.

१६० वर विसंबू नका, स्वतः मोजा: प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून काचेच्या आतल्या बाजूपर्यंत. एके४०० आणि पीयरलेस असॅसिन १२० एसई दोन्ही १५५ मिमीचे आहेत. पण पीयरलेस असॅसिनसारख्या दुहेरी टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या वर येतो. उंच रॅममुळे तो ७-८ मिमी वर सरकवावा लागला, तर १५५ चे १६२-१६३ होतात आणि काच बसत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रेथ स्टेल्थ हवा खाली बोर्डवर फेकतो, तिचा वारा व्हीआरएमलाही (बोर्डवरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागालाही) लागतो. टॉवर कूलर हवा आडवी मागे नेतो. बोर्डच्या व्हीआरएमवर हीटसिंक आहे ना?

वर्धेकर

हीटसिंक आहे. झाकण काढून ८६ आले, म्हणजे ७-८ अंशांचा फरक! मोजलेली उंची १५८ मिमी.

घाटपायथा

मग दुहेरी टॉवर बाद. एके४०० घ्या आणि वाचलेल्या पैशांत समोर जाळी असलेलं कॅबिनेट बघा. ते लगेच जमणार नसेल तर निदान काचेच्या कडेची फट आणि आतलं धूळगाळणं साफ ठेवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

तांब्याची_नळी

जुना कूलर काढताना घाई नको. तुमच्या बोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसर फक्त पिनांच्या पकडीवर बसतो. पेस्ट वाळलेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, की प्रोसेसरही सोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, सैल झाल्यावरच उचला. स्क्रू निघाले की बोर्डामागची बॅकप्लेट गळून पडते, म्हणून ती मागून धरून ठेवा. एके४०० त्याच बॅकप्लेटवर बसतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी मध्यभागी वाटाण्याएवढी पुरे. कूलरच्या तळावरचं प्लास्टिक सोलायला विसरू नका, ते राहिलं तर तापमान सुरुवातीलाच मर्यादेला टेकतं. नव्या कूलरचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून दोन-दोन फेरे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर पेस्ट एका बाजूला दाबली जाते. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू फिनांकडे (कूलरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांकडे) ठेवा.

बायोसमध्ये पीबीओ 'अॅडव्हान्स्ड' करून पीपीटी १००, टीडीसी ७०, ईडीसी १०० द्या (शेवटच्या दोन विद्युतप्रवाहाच्या मर्यादा). थर्मल थ्रॉटल लिमिट ८५ ठेवा, म्हणजे भर दुपारी तो स्वतःच वेग कमी करेल. कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे १० पासून सुरू करा. हा उणे आकडा जास्त झाला तर सिनेबेंच सुखरूप पार पडतं आणि मशीन नुसतं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं, कारण हलक्या कामात एकेक कोअर सर्वात वरच्या वेगाला जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून नुसत्या जड चाचणीवर विसंबू नका, कोअरसायकलर (एकेका कोअरची चाचणी घेणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर ज्या कोअरवर चूक आली त्याचा उणे आकडा ५ ने शून्याकडे आणा, म्हणजे उणे १० चा उणे ५ करा.